भाडेकरू तुमचा हप्ता फेडणार नाही

सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: "जुळे सोलापुरात टू बीएचके घ्या, भाड्याने द्या. हप्ता भाडेकरूच फेडेल, टॅक्स वाचेल, ओळखीचा माणूस ठेवला की कटकट नाही आणि विमानसेवेमुळे भाव वाढणारच." नुकती पगाराला लागलेली मुलं यावर विसंबून टोकन देऊन बसतात, म्हणून हे लिहितोय.

आधी हप्ता. समजा फ्लॅट 25 लाखांचा, कर्ज 20 लाखांचं, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो सुमारे 17,350 रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात 14,167 निव्वळ व्याजाचे. भाडं 8,000 धरा. म्हणजे मुद्दल सोडाच, व्याजसुद्धा निघत नाही! दोन भाडेकरूंच्या मध्ये एक महिना घर रिकामं राहिलं, तर वर्षाचे 88,000. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी गेली की 70,000 च्या आसपास उरतात, 25 लाखांवर तीन टक्केही नाहीत. तुमच्या फ्लॅटचे आकडे वेगळे असतील, पण ते कागदावर मांडल्याशिवाय टोकन देऊ नका. दरमहा खिशातून किती घालावे लागतील आणि नोकरी गेली तर किती महिने घालता येतील, हे आधी ठरवा.

टॅक्सचं म्हणणं अर्धवट आहे. नव्या कर प्रणालीत या घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज, करपात्र पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत होतो, तोही वर्षाला 2 लाखांपर्यंतच.

ओळखीचा भाडेकरू असला तरी करार लागतोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. ते खोटं पाडणं तुमच्यावर येतं.

विमानसेवेचं काय? विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली, विमान उडालं 2025 मध्ये. तोवर त्या आशेवर घर घेतलेल्यांचे हप्ते काही थांबले नव्हते. आणि विमानाची बातमी ऐकून बिल्डरनेही दर चढवलेलाच असतो.

मेसेजमध्ये पाण्याचा शब्दही नाही. रोज नळाला पाणी न येण्याची सवय या शहराला वर्षानुवर्षांची आहे. भाडेकरू पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो. बिल्डरच्या ऑफिसात नको, त्याच इमारतीतल्या एखाद्या मावशींना विचारा: नळ किती दिवसांनी येतो, बोअर मे महिन्यात टिकते का, टँकरचे पैसे कोण भरतं?