पाणथळ भरून चौक मोकळा होत नाही

"चौकाच्या कोपऱ्यावरची पाणथळ पडीकच आहे. अर्धा हेक्टर भरा, एक लेन वाढवा. कोंडी सुटेल, अपघात थांबतील. बदल्यात दुसरीकडे तळे खोदू." हा मजकूर सगळीकडे फिरतोय. कोंडीची तक्रार खरी आहे. उपाय मात्र हिशेबाला उतरत नाही.

लेन वाढली की कोंडी सुटते?
हिरवा दिवा 30 सेकंद असेल तर दर दोन सेकंदांना एक या वेगाने एका लेनमधून 14-15 गाड्या सुटतात. उभ्या गाडीला मागच्या-पुढच्या अंतरासह 6-7 मीटर लागतात. म्हणजे नवी लेन पुरती कामाला यायची तर ती सुमारे 100 मीटर लांब हवी. कोपरा भरून 40 मीटरच मिळाले, तर तिच्यात सहा गाड्या मावतात. त्या गेल्या की उरलेला हिरवा वेळ पुन्हा जुन्या लेनच्या भरवशावर. चौकापलीकडे रस्ता एकाच लेनचा असेल, तर कोंडी फक्त 50 मीटर पुढे सरकते.

त्याआधी सिग्नल पाहा. 120 सेकंदांच्या चक्रात चार टप्पे (प्रत्येक दिशेला वेगळा हिरवा दिवा) असतील आणि प्रत्येक बदलात 4 सेकंद वाया जात असतील, तर तासाला 8 मिनिटे कोणीच हलत नाही. समोरची वाहतूक कापून वळणाऱ्या गाड्या कमी असल्यास दोन टप्प्यांत काम भागते आणि तोटा निम्मा होतो. याला भरावाची एक पाटीही लागत नाही.

अपघात थांबतील?
3.5 मीटरची जादा लेन म्हणजे पादचाऱ्याला सुमारे तीन सेकंद जास्त रस्त्यात. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग 32 ठिकाणी एकमेकांना भिडतात. एका लेनच्या वर्तुळाकार चौकात 8 ठिकाणी. एकाच दिशेची वाहतूक फार जड असेल तर वर्तुळ तुंबते, हेही खरे. म्हणून आधी दिशावार मोजणी हवी.

जागा पडीक आहे?
अर्ध्या हेक्टरवर पावसाळ्यात 60 सेंटीमीटर पाणी चढत असेल, तर ती जागा 30 लाख लिटर पाणी धरते. भराव टाकल्यावर तेवढे पाणी जवळच्या सखल भागात शिरते, आणि अनेकदा तो सखल भाग म्हणजे हाच चौक.

खालची माती मऊ, सेंद्रिय गाळाची असते. दोन मीटर भराव तिच्यावर दर चौरस मीटरला साडेतीन ते चार टन भार टाकतो. गाळातले पाणी हळूहळू निघते, म्हणून नवा भाग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे खचतो. जुना रस्ता मात्र केव्हाच बसलेला असतो. दोहोंच्या सांध्यावर लांबच लांब भेग पडते, पाणी आत जाते, खड्डे सुरू होतात. हे टाळायला आधीपासून जादा भार ठेवून वाट पाहणे, उभे निचरे (गाळातले पाणी लवकर बाहेर काढणाऱ्या उभ्या वाटा), जिओटेक्स्टाइल (मातीच्या थरांत घालायचे मजबूत कृत्रिम कापड) लागते. स्वस्त अंदाजपत्रकात हा खर्च धरलेला आहे का, ते विचारा.

दुसरीकडे तळे?
उभ्या काठांचा खड्डा म्हणजे पाणथळ नव्हे. उथळ उतार, ऋतूप्रमाणे चढउतरणारी पातळी आणि मूळ जागेची वरची माती लागते. पातळी थोडी चुकली तरी वनस्पती बदलतात. जगभरच्या 621 पाणथळींवर 2012 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार शंभर वर्षांनंतरही पुनर्निर्मित जागांची जैविक रचना (वनस्पती-प्राण्यांची विविधता आणि संख्या) मूळ जागांपेक्षा सरासरी 26 टक्के कमी राहिली.

तरीही वळणावर समोरचे दिसत नसेल, पदपथालाच जागा नसेल, तर थोडा कोपरा घ्यावा लागतो. तेव्हा 1:2 उताराच्या (एक मीटर उंचीला दोन मीटर पसरणाऱ्या) भरावाऐवजी रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी उभी भिंत बांधा: दोन मीटर उंचीला चार मीटर पायथा वाचतो, 100 मीटर लांबीत 400 चौरस मीटर. रस्ता पाणथळ दुभागत असेल, तर रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या एका मोठ्या मोरीऐवजी तळाच्या पातळीवर अनेक मोऱ्या ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंचे पाणी सारखे राहील.