बारा ग्रॅमचा हट्ट

मी दोन जातींचे इवलेसे पक्षी पिंजऱ्यात पाळते: झेब्रा फिंचचं वजन साधारण 12 ग्रॅम, कॅनरीचं 20 ग्रॅमच्या आसपास. पण पालेभाजी खायची नाही असं एकदा यांनी ठरवलं की माझं पासष्ट किलो वजन काही कामाचं नाही.

दाण्यांबद्दल तक्रार नाही. राळा, बाजरी, काहीही ठेवा, तुटून पडतात. पंचाईत तीच आहे. दाण्यात पिष्ट आणि चरबी भरपूर, पण कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व नावालाच. निव्वळ दाण्यावर ठेवलेला पक्षी दिसतो गुटगुटीत आणि आतून असतो पोकळ. त्यात दाणे सोलण्यात हे इतके पटाईत, की फोलपटं परत वाटीतच पडतात आणि रिकामी वाटी शिगोशीग भरलेली दिसते. म्हणून रोज सकाळी मी वाटीत फुंकर मारते आणि फोलपटं डोळ्यांत घेते.

तर हिरवं द्यायचं. पण कोणतं? आइसबर्ग लेट्यूस म्हणजे जवळजवळ नुसतं पाणी, त्यामुळे ते यांना आवडतं हे ओघानं आलंच. पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून पालक अधूनमधूनच. अ‍ॅव्होकाडो तर विषच. उरलं केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), ब्रोकोली, डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रानरोपाची पानं. तीही कोवळी, कीटकनाशकाचा अंश नसलेली, खळखळून धुतलेली. मी एकेक पान उजेडाला धरून निवडत बसले की आई म्हणते, "तू लहान असताना तुझ्यासाठीसुद्धा मी एवढं निवडलं नव्हतं." तिचं खरं आहे. आमच्या भाजीत पिवळी पानं बिनदिक्कत जातात.

पोपट पायात पान धरून कुरतडतो, यांना ती कला नाही. म्हणून पान चिमट्यानं जाळीला लावायचं, म्हणजे ओढून तुकडा तोडता येतो. मी लावलं. पिंजऱ्यात साप शिरावा तसे दोन्ही फिंच उलट्या कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटले. बऱ्याच वेळानं मादी पुढे सरकली. मान तिरकी करून तिनं पान एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या. मी श्वास रोखला. तिनं पानावर उडी मारली, छाती टेकवली, पंख फडफडवले आणि पानावरच्या थेंबांत मनसोक्त आंघोळ केली. निम्मं पाणी माझ्या चष्म्यावर. ती उठल्यावर नर आला. त्यानं पानाची लांब, सरळ पट्टी ओरबाडली. खातोय! छे. पट्टी चोचीत धरून तो थेट घरट्यात गेला आणि तिथे अंथरून परत आला. आठवड्याचं कॅल्शियम गादीत गेलं.

त्याला मी समजावूनही पाहिलं. झेब्रा फिंचच्या नराच्या चोचीचा लालभडकपणा अन्नातल्या कॅरोटिनॉइडांवर, म्हणजे पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांवर, अवलंबून असतो आणि माद्यांवर त्याची छाप पडते. पण याचं लग्न आधीच झालंय. तो कशाला ऐकतोय?

शेजारच्या पिंजऱ्यातला कॅनरी जास्त सुसंस्कृत. तो पान देठापासून नीट तोडतो, खाली टाकतो आणि पडलं का ते वाकून बघतो.

मग युक्त्या. केल बारीक चिरून उकडलेल्या अंड्यात कालवली. अंडं संपलं आणि हिरवा चुरा वाटीभर पसरून राहिला. इतकी बारकाईनं निवड आमच्या घरात फक्त मीच करते असं मला वाटायचं. दाण्यांना मोड आणून दिले. ते खाल्ले, पण मोड म्हणजे पान नव्हे, अशी माझी आपली ठाम समजूत. शेवटी, आपण खाऊन दाखवलं की बघून खातात असं कोणीसं सांगितलं म्हणून पिंजऱ्यासमोर उभी राहून कच्ची केल चावली. चव विचारू नका. कॅनरीनं मात्र तेवढ्यात एक लांबलचक तान घेतली.

आणि मग एका सकाळी पिंजऱ्याखालच्या कागदावर हिरवट विष्ठा! एरवी ही आजाराचीही खूण असू शकते, पण इथे पक्षी टुणटुणीत होता आणि पान अर्धं संपलेलं होतं. मी आनंदानं घरभर हाका मारल्या. आई धावत आली, कागद पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी मी गॅस बंद करून आले?"

त्याच उत्साहात मी केलऐवजी ब्रोकोली लावली. दोन्ही फिंच पुन्हा कोपऱ्यात.