मासे मेल्यावर नमुने घेऊन काय कळणार?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ खाडीत, म्हणजे वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, मासे मेल्याची बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक तट लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीकडे बोट दाखवतो. खाडीवर पोट असलेले भोई आणि खारवी वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत. दुसरा तट म्हणतो, पाणी तापलं असेल, ऑक्सिजन उतरला असेल, दरवेळी कारखान्यांवर का येता? घरटी कुणी ना कुणी त्या वसाहतीत कामाला आहे, तेव्हा हे म्हणणंही पोटातूनच येतं. पाण्याचे नमुने नेले जातात ते मासे तरंगल्यावर. तोवर दोन भरत्या येऊन गेलेल्या असतात.

मी राहते अमेरिकेत, मेरीलँडच्या अटलांटिक किनाऱ्याजवळ. इथे ॲसाटीग नावाचा वाळूचा लांबच लांब दांडा आहे. त्याच्याआड खाऱ्या पाण्याची उथळ लगून पसरली आहेत: शिंकोटीग, सिनेपक्सेंट, न्यूपोर्ट. समुद्राशी जोडणाऱ्या वाटा मोजक्याच. त्यांतली ओशन सिटीजवळची १९३३ च्या वादळाने फोडली. पाणी लवकर बदलत नसल्याने शेतातून, कोंबड्यांच्या खतातून, सेप्टिक टाक्यांतून आलेला नायट्रोजन आत साचतो. त्यावर सूक्ष्म शेवाळ माजतं, पाणी गढूळतं, तळाच्या सागरी गवताला ऊन मिळत नाही. गवत गेलं की खेकड्यांच्या आणि माशांच्या पिल्लांचा आसरा जातो.

ॲसाटीगच्या राष्ट्रीय उद्यानाचे लोक १९८७ पासून हे पाणी तपासताहेत. ठिकाणं ठरलेली, पद्धत ठरलेली. गवताचे पट्टे विमानातून फोटो काढून दरवर्षी मोजले जातात. नायट्रोजन, फॉस्फरस, शेवाळ किती ते सांगणारं हरितद्रव्य, विरघळलेला ऑक्सिजन, गवत आणि आपल्या तिसऱ्यांच्या कुळातले शिंपले, या सगळ्यांवरून प्रत्येक लगूनचं प्रगतिपुस्तक निघतं. मुखाजवळच्या, भरती-ओहोटीने धुतल्या जाणाऱ्या सिनेपक्सेंटला बरे गुण, कोंडलेल्या न्यूपोर्टला वाईट. शाळेतली मुलंसुद्धा ते वाचू शकतात.

एवढी वर्षं कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर जमिनीखाली आहे. आमच्या भागातल्या वाळूतून भूजल फार सावकाश सरकतं. आज ओढ्यात उतरणारं काही नायट्रेट कित्येक वर्षांपूर्वी, काही तर दशकांपूर्वी टाकलेल्या खताचं असतं. तीन वर्षांचा प्रकल्प राबवून, जाड अहवाल छापून यातलं काहीही हाती लागत नाही. इथे आधी पाणी सुधारत गेलं, गवत वाढत गेलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही ठिकाणी वारं फिरलं आणि पुढे गवतही घटलं. मोजणी मध्येच थांबली असती, तर सगळे सुधारणेच्या आनंदातच राहिले असते.

दुसरी गोष्ट वेळेची. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच वापरतं. म्हणून ऑक्सिजन सर्वांत कमी असतो पहाटे, उजाडण्याच्या सुमारास. सकाळी अकराला घेतलेला नमुना उत्तम निघू शकतो, आणि त्याच पाण्यात पहाटे मासे गुदमरलेले असतात. इथे काही ठिकाणी यंत्रं पाण्यातच ठेवतात, ती रात्रभर नोंद घेतात.

दाभोळच्या वादाला हीच नोंद हवी आहे. खाडीचा पहाटेचा ऑक्सिजन उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, उधाणाच्या मोठ्या भरतीला किती, भांगाच्या छोट्या भरतीला किती, हे वर्षानुवर्षं लिहिलेलं असेल, तर मासे मेले त्या दिवशी तो नेहमीसारखाच होता की उतरला होता, हे सांगता येईल. नेहमीसारखा असेल तर विषारी सांडपाण्याचा संशय बळावतो. उतरला असेल तर शेवाळ, मैला, सेंद्रिय सांडपाणी यांचा माग काढता येतो. नियम पाळणाऱ्या कारखान्यालाही ही वही सोडवेल. आज दोन्ही बाजूंच्या हातात फक्त मेलेले मासे आहेत.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ काहीच मोजत नाही, असं मी म्हणत नाही. नद्या-खाड्यांचे नमुने नियमित घेतले जातात, पाण्याच्या दर्जाचा निर्देशांकही निघतो. पण पाण्याचे आकडे आणि खाडीतलं जगणं, म्हणजे तिसऱ्या किती, कालवं किती, पिल्लं किती, हे एकाच कागदावर यायला हवं. मच्छीमाराला निर्देशांकापेक्षा ते आधी कळतं.

‘तुमच्याकडे पैसा आहे’ असं ग्रुपवर मला सुनावलं जातं. पैशाने इथलं पाणी निवळलेलं नाही. कुक्कुटपालनाचा धंदा मोठा आहे, त्याचं राजकीय वजनही मोठं. फॉस्फरसने तुडुंब झालेल्या शेतांवर कोंबडखत टाकण्याला आवर घालणारा नियम मेरीलँडमध्ये २०१५ मध्ये आला, तोही बऱ्याच झगड्यानंतर. शेतकऱ्यांची अडचण खरी होती; इतकं खत न्यायचं कुठे? तरीही नियम आला, कारण आकड्यांकडे पाठ फिरवणं अवघड झालं होतं.

आणि आपल्या देशातच चिलिका आहे. ओडिशातलं हे सरोवर गाळाने आणि गोड्या पाण्यातल्या तणाने गुदमरलं म्हणून १९९३ मध्ये रामसर या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या धोक्यातल्या जागांच्या यादीत गेलं. चिलिका विकास प्राधिकरणाने अभ्यासाअंती २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख खोदलं, खारेपणा परतला, मासळी वाढली, २००२ मध्ये नाव यादीतून निघालं. त्यानंतरही मोजणी थांबली नाही. २०१२ ची चिलिकाची आरोग्यपत्रिका तर मेरीलँड विद्यापीठाच्याच शास्त्रज्ञांच्या साथीने तयार झाली. माझ्या दारातली पद्धत ओडिशात पोचते, मग वाशिष्ठीच्या मुखाशी का पोचू नये?

रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. पहाटे खाडीत होड्या असतातच. ऑक्सिजन मोजायचं हातातलं यंत्र मच्छीमारांना द्यावं, वापरायला शिकवावं, महाविद्यालयाने त्या यंत्राची चाचणी करत राहावं, आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. अशिक्षित माणसांच्या नोंदी कोण मानणार, असं माझ्या एका काकांनी विचारलं. काका, इथे निवृत्त शिक्षक आणि दुकानदार स्वयंसेवक म्हणून बाटल्या भरतात. त्यांना आधी प्रशिक्षण मिळतं, नमुने प्रयोगशाळेत जातात. पहाटे खाडीत कुठे किती पाणी असतं हे त्यांच्यापेक्षा आपल्या भोयांना कितीतरी जास्त ठाऊक आहे.