"लहान पोरं अलाऊ नाही"

आज दुपारी जळगावात एका दवाखान्याच्या गेटवर माझं डोकं फिरलं, ते अजून ताळ्यावर नाही. आमच्या ऑफिसातल्या ताईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. दुर्बिणीने जमलं नाही म्हणून पोट उघडावं लागलं, त्यामुळे मुक्काम वाढला. त्यांना बघायला गेलो तर त्यांचे मिस्टर गेटवरच भेटले. एका हातात डबा, दुसऱ्या हाताला पाच वर्षांचा मुलगा. वॉचमनने पास बघितला, पोराकडे बघितलं आणि म्हणाला, "लहान पोरं अलाऊ नाही."

चार दिवस आई न दिसलेलं लेकरू हो! आईसाठी शर्टाच्या खिशात शेंगदाण्याचा लाडू आणलेला, त्याचा पार चुरा झालेला.

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही डबा देऊन या, मी थांबतो याच्याजवळ. निंबाच्या झाडाखाली आम्ही दोघं बसलो. तेवढ्यात समोरून एका गाडीतून सात-आठ पाहुणे उतरले आणि एका पासवर सगळे आत गेले. एकाच्या तोंडात तंबाखू. त्यांना कोणी अडवलं नाही.

मला माझे अकरा दिवस आठवले. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एरंडोलजवळ हायवेवर (आपला जुना ६ नंबर, आताचा ५३) मोटारसायकलवरून पडलो, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होईपर्यंत तीन दिवस पायाला वजन बांधून ते कॉटच्या टोकाला लटकवलेलं. मांडीचे स्नायू आखडून हाडाचे तुकडे एकमेकांवर चढवतात, ते चढू नयेत म्हणून. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, तरी मी भेदरलेलो होतो. माझ्या लेकीला कोणीच काही समजावलं नव्हतं. चार वर्षांची होती ती. कॉटभोवती एक चक्कर मारली, सगळं बघून घेतलं. मग पिशवीतून बाहुली काढली, केसांची रिबीन सोडून तिच्या पायाला बांधली, दुसरं टोक कॉटच्या दांडीवरून खाली सोडलं आणि त्याला पार्ले-जीचा पुडा अडकवला. मला म्हणाली, "हिचं पण हाड मोडलं. बघ, रडत नाही ती."

आदल्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडलो होतो. तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

त्याच संध्याकाळी आमचे एक लांबचे मामा आले. माझ्या त्याच पायावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या व्याह्यांचाबी असाच मोडला होता, शेवटी कापावा लागला." अशा माणसाला पास मिळतो. बाहुलीवालीला मिळत नाही. कोणी ठरवलं हे?

आयसीयूत पोरं नेऊ नयेत, मान्य. टीबी, गोवर, कांजिण्या असतील तिथे तर नकोच. नाक गळणारं लेकरू ताज्या टाक्यांच्या पेशंटजवळ नको, हेही कबूल. मग तपासा ना! कपाळाला हात लावा, हात धुवायला लावा, पंधरा मिनिटं द्या आणि घड्याळ बघून बाहेर काढा. सरसकट गेट बंद करणं सोपं पडतं म्हणून ते केलं जातं, बाकी काही नाही.

माझ्या वेळीही नियम हाच होता. पण वॉर्डात एक सिस्टर होत्या. बायको-पोरगी अमळनेरहून सुरत-भुसावळ पॅसेंजरने यायच्या. सिस्टर पोरीला आधी बेसिनपाशी न्यायच्या, कोपरापर्यंत हात धुऊन घ्यायच्या, मगच आत सोडायच्या. ती आत आली की आधी सगळ्या कॉटची विचारपूस. समोरच्या कॉटवर चोपड्याकडचे एक बाबा होते, खुबा मोडलेला, पोरगा सुरतेला कामाला. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ही त्यांच्या उशाशी जाऊन विचारायची, "बाबा, तुमना पाय दुखस का?" एके दिवशी मायलेकींची गाडी चुकली, यायला उशीर झाला. तर बाबाच मान वळवून म्हणाले, "आज डॉक्टरीणबाई उनी नही का?" आठवडाभरात त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

आणि ऑपरेशननंतर मला वॉकर देऊन उभं केलं तेव्हा हिने पावलं मोजली. एक, दोन, तीन, सहा, दहा! मी चारच टाकली होती. दुसऱ्या दिवशी खरोखर दहा टाकली, कारण तिने सगळ्या वॉर्डाला दहा सांगून ठेवलं होतं.

साने गुरुजींनी १९२४ ते १९३० ज्या अमळनेरात मास्तरकी केली, वसतिगृहातल्या पोरांची आई होऊन राहिले, त्या गावची माणसं आपण. लेकराला आईपासून गेटवर तोडू नये हे मी तुम्हाला काय समजावू?

वॉचमनवर मी फार ओरडलो. ओरडायला नको होतं. त्याला जे सांगितलंय तेच तो सांगतो, बारा-बारा तास उभा असतो. नंतर त्यानेच आपल्या बाटलीतलं पाणी पोराला पाजलं आणि म्हणाला, "साहेब, मला पण दोन आहेत." नियम करणारे गेटवर उभे राहत नाहीत.

मिस्टर खाली आले तेव्हा आम्ही ताईंना फोन लावून खिडकीत यायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर त्या सलाईनचा स्टँड धरून हळूहळू आल्या. वडिलांनी फोन पोराच्या कानाला लावला, तर त्याने तो ढकलला. खिशात हात घातला, लाडवाचा चुरा मुठीत घेतला आणि मूठ उघडून हात वर धरला. बोलला काहीच नाही. बोटांच्या फटीतून चुरा खाली सांडत होता आणि हा हात वरच.

उद्या चारला मी पुन्हा जातोय. दवाखाना कोणता ते इथे लिहीत नाही, मेसेंजरवर विचारा. तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी कोणाची ओळख असेल तर आज रात्रीच सांगा. पोराचे हात मी स्वतः धुऊन नेतो.