अष्टमीचं उधाण

तुम्ही कविता करता आणि घरात कोणी विचारत नाही, अशी तक्रार असेल तर आधी घरच्यांना बोल लावणं थांबवा. कोकणात घरचा माणूस कौतुक करत नाही. तशी पद्धतच नाही. पहिल्या तोडीची हापूसची पेटी उघडून समोर ठेवली तरी ‘गेल्या साली आंबा वेगळा होता’ म्हणतील. पोराला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले तर ‘दोन कुठे सांडलेस?’ सुनेनं जीव ओतून केलेल्या सोलकढीला सर्वोच्च सन्मान म्हणजे ‘बरी आहे’. याच्या वरची पदवी आमच्याकडे नाही. आमच्या आजोबांनी उभ्या आयुष्यात दोनदा ‘बरं आहे’ म्हटलं, असं घरात अजून सांगतात. एकदा विहिरीला पाणी लागलं तेव्हा. दुसऱ्यांदा कशाला, यावरून काका आणि आत्या यांचं अजून जमलेलं नाही.

अशा मुलखात प्रोत्साहन पाहिजे असेल तर गावातल्या साहित्य मंडळाला पर्याय नाही. तुम्ही आजच सभासद व्हा. एरवी लग्नाच्या मांडवात नवऱ्यामुलाच्या कानात खोट काढणारा माणूस मंडळाच्या सतरंजीवर बसला की काय होतं कोण जाणे, फणसासारखा आतून गोड निघतो. ‘नि:शब्द केलंत!’ म्हणतो. हेच गृहस्थ काल बाजारात सुरमईच्या तुकडीवरून पाऊण तास बोलत होते, पण ते असो.

मंडळाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. दर महिन्याच्या म्हणजे मार्च ते मे सोडून, कारण आंबा. शिमग्यात पालखी घरी येते. जुलैत लावणी, भाद्रपदात गणपती, आणि मग दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करायच्या असतात. उरलेल्या दर महिन्याला बैठक न चुकता होते, वर्षातून पाचदा.

पहिल्याच बैठकीत कविता वाचायची घाई करू नका. आधी खातं उघडा. वाहवा हा आहेर आहे. कोणी किती घातला हे प्रत्येकाच्या मनातल्या वहीत तारीखवार लिहिलेलं असतं. मी पहिले चार महिने नुसता आहेर घालत होतो. एका निवृत्त तलाठ्यांची ‘आई’ नावाची कविता होती, तिला तीन ‘वा’ आणि एक ‘क्या बात है’. शाळेतल्या बाईंची ‘आई’ नावाचीच कविता होती, तिला डोळे पुसले. पाचव्या महिन्यात मी उभा राहिलो तेव्हा सगळा आहेर व्याजासकट परत आला. बाईंनी डोळे पुसले. माझी कविता रिक्षा स्टँडवर होती.

ऐकण्याचं म्हणाल तर त्याचंही एक तंत्र आहे. मान डावीकडे किंचित कलती ठेवायची, नजर पंख्याच्या खालच्या हवेत कुठेतरी लावायची, आणि मांडीवरच्या मोबाइलवर वाशीच्या मार्केटचा भाव बघायचा. आवाज खाली आला की ओळ संपली असं समजून ‘वा’ म्हणायचं. एकदा वाचणाऱ्याला खोकला आला तिथंही सात-आठ वाहवा पडल्या. त्यानं त्या स्वीकारल्या.

वाचनाची भीती तर बाळगूच नका. मंडळात कोणी काही वाचत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. पूर्वजांनी दोनशे वर्षांचा कोटा वाचून ठेवलाय, आता लिहिणं तेवढं शिल्लक आहे. एका सभासदानं मला विचारलंच, ‘दुसऱ्याचं वाचलं तर आपल्यावर प्रभाव नाही का पडणार?’ त्यांच्या लेखनावर आजतागायत कुणाचाही प्रभाव पडलेला नाही. व्याकरणाचासुद्धा नाही.

वर्षातून एकदा मालगुंडची सहल असते, ती चुकवू नका. गणपतीपुळ्याला दर्शन, मोदक, आणि येताना केशवसुतांचं घर. कोकण मराठी साहित्य परिषदेनं तिथं स्मारक उभं केलंय, पण आमच्या मंडळाला भिंतीवरच्या कवितांपेक्षा दारातली जागा आवडते, तिथं फोटोला उजेड चांगला येतो. गेल्या खेपेस परतीच्या गाडीत केशवसुतांवर चर्चा झाली आणि सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं. बघा ना, १८६६ चा जन्म, १९०५ साली हुबळीला प्लेगनं गेले. वय एकोणचाळीस. कविता दीडशेच्याही आत. तेवढ्या तर आमचे तलाठी एका पावसाळ्यात करतात. हयातीत एकसुद्धा संग्रह नाही. पुस्तक निघालं १९१७ साली, ते हरिभाऊ आपट्यांनी काढलं म्हणून. माणूस जाऊन बारा वर्षं झालेली! ‘त्यांना आपल्यासारखं मंडळ मिळालं असतं तर...’ असं आमचे अध्यक्ष म्हणाले आणि गाडीत शांतता पसरली. निवळीच्या वळणावर कोणीतरी उलटी केली, म्हणून विषय तिथंच राहिला.

तळकोकणातही तीच कथा. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळात खानावळ चालवत होते आणि रात्री ‘आरती प्रभू’ या नावानं लिहीत होते. गिऱ्हाइकांना जेवण वाढून उरलेल्या वेळात कविता, आणि ती पाठवायची थेट मुंबईला, अनोळखी संपादकाकडे. केवढी जोखीम! आमच्या मंडळात असते तर निदान मासिक बैठकीच्या जेवणाचं काम तरी त्यांना लागलं असतं. साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला १९७८ साली, तोही ते गेल्यावर दोन वर्षांनी. आमच्याकडे जिवंतपणी शाल मिळते. माझ्याकडे सहा आहेत. मुंबईकर पाहुण्यांना पांघरायला देतो.

आता मुख्य सावधगिरी सांगतो, कारण यात मी स्वत: फसलो. मंडळात प्रवेश करण्याआधी बैठकीचा हॉल कोणाचा आहे ते बघून घ्या. आमच्या बैठका मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये होतात. हॉलच्या किल्ल्या एका म्हाताऱ्या तांडेलाकडे, म्हणजे मच्छीमार बोटीच्या म्होरक्याकडे असतात. बत्तीस वर्षं समुद्रावर काढून आता मुलाच्या हाती बोट दिलीये. हॉल बंद करायचा म्हणून बैठक संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून असतात, जाळं विणण्याची सुई घेऊन. त्यांना मोबाइलवर भाव बघता येत नाही. तेव्हा नाइलाजानं ते कविता ऐकतात.

माझी एक कविता आहे. गझलेच्या अंगाची, गालगागाच्या (गुरू-लघू-गुरू-गुरू) चालीतली. तिची पहिली ओळ: ‘अष्टमीच्या मध्यरात्री सागरा आले उधाण.’ पुढे नायिका किनाऱ्यावर उभी, लाटा पावलांशी, डोक्यावर चंद्र वगैरे. ही कविता मी मंडळात चार वेळा वाचली. चारही वेळा पहिल्या ओळीला दाद आली. एकदा तर ‘मुकर्रर’ झालं, ओळ पुन्हा वाचायला लावली. सगळे श्रोते समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेले.

चौथ्या वाचनानंतर वड्या आणि चहा झाला, मंडळी पांगली, मी चपला शोधत होतो. मागून आवाज आला, ‘ओ साहेब, आष्टमीला कसलं उधाण?’

मी म्हटलं, ‘काय?’

‘उधाण आवशीला नायतर पुनवेला. आष्टमीला भांग असतो, पाणी जेमतेम चढतं.’ सुईत दोरा भरता भरता त्यांनी मला पहिलीतल्या पोरासारखं विचारलं, ‘आठाची पाऊणपट किती?’

‘सहा.’

‘म्हंजे पाणी भरलं सहाला. बाराला सुकती. ती तुमची बाय मध्यरात्री चिखलात उभी हाय. आणि चांद तवा मावळाया टेकतो, डोक्यावर कुठला?’

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे मला आजोबांनी शिकवलं होतं. शिंपल्या काढायला जाताना आम्ही पोरं तेच गणित करून निघायचो. कविता लिहिताना ते कुठं गेलं ठाऊक नाही.

अशा प्रसंगी काय करायचं ते लिहून ठेवा. ‘ती प्रतिमा आहे’ असं म्हणायचं. प्रतिमा हा शब्द मृगापासून स्वातीपर्यंत छत्रीसारखा जवळ बाळगावा. मीही म्हटलं. तांडेलांनी सुई खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘मग पुनव करा की. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पाणी बी हाय, चांद बी हाय.’

घरी येऊन बोटांवर मोजलं. ‘अष्टमीच्या’, ‘पौर्णिमेच्या’. दोन्ही गालगागा. एक शब्द बदलला की भरती, चंद्र आणि बाईचे पाय, तिन्ही ठिकाणावर येत होते, आणि वृत्ताला ओरखडासुद्धा नव्हता.

पण तोवर पुस्तक छपाईला गेलेलं. स्वखर्चानं पुस्तक काढण्याबद्दलही मंडळ तुम्हाला भरपूर धीर देईल, पैसे सोडून सगळं देईल. पाच फर्मे, ८० पानं, ३०० प्रती. प्रकाशकानं आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले. तो क्रमांक सरकारी कचेरीतून फुकट मिळतो, हे मला प्रकाशनाच्या दिवशी दुसऱ्या एका फसलेल्या कवीनं सांगितलं. प्रस्तावना अध्यक्षांची. तिच्यात अष्टमीच्या उधाणावर दोन पानं आहेत: ‘सागरपुत्राच्या रक्तातूनच उमटू शकेल अशी ही अस्सल अनुभूती’. मी धीर करून फोन केला आणि शब्द बदलायचं म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, ‘मग माझ्या प्रस्तावनेचं काय?’ प्रश्न बरोबर होता.

प्रकाशन थाटात झालं. १४ प्रती विकल्या गेल्या, ६० भेट दिल्या, बाकीच्या माळ्यावर आंब्याच्या पेंढ्यात आहेत. पहिल्याच पावसाळ्यात त्यांना बुरशी धरली. वाळवीनं मात्र प्रस्तावनेपासून सुरुवात केली, मन लावून. आमच्या मंडळाच्या इतिहासात एवढं सलग वाचन कोणी केलेलं नाही.

त्यातली एक बरी प्रत मी काढली. ‘अष्टमी’वर काट मारली, वर बारीक अक्षरात ‘पौर्णिमे’ लिहिलं, आणि दुसऱ्या रविवारी बैठक संपल्यावर तांडेलांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. पान हातभर लांब धरून ओळीवर बोट ठेवत ठेवत वाचलं, ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरच्या ओळीवर आले.

‘आता बरी हाय,’ म्हणाले, आणि खिडक्या लावायला उठले.

पुढच्या बैठकीला तलाठ्यांची समुद्रावरची कविता आहे. आहेर माझ्याकडे बाकी आहे, आणि वड्या आणायची पाळीही माझीच.