दुकान आहे म्हणून मैदान सोडायचं का?

महिला दिन जवळ आला की सत्काराचे फोन सुरू होतात. बोलावणारी माणसं मायेनं बोलावतात, म्हणून मी जाते. पण शाल-श्रीफळ झालं की माइक हातात देऊन सगळीकडं एकच विचारतात, "ताई, खेळानं तुम्हाला धंद्यात काय शिकवलं?" त्यांना जिद्द, शिस्त, संघभावना असं काहीतरी ऐकायचं असतं. मी ते सांगणं बंद केलंय. त्याचं कारण आपल्या भागातल्या मुलींच्या आईबापांपर्यंत आणि त्याहून जास्त आपल्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांपर्यंत जावं असं मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांब लिहितेय.

मी खो-खो खेळले ते खव्याची भट्टी चांगली चालावी म्हणून नव्हे. डोंगर चढते तेही गिऱ्हाईक सांभाळायला शिकावं म्हणून नव्हे. नातं असलंच तर उलट्या बाजूनं आहे. भट्टी चालते, दोन पैसे सुटतात, म्हणून बूट घेता येतात, गाडीभाडं निघतं, स्पर्धेची फी भरता येते. धंद्यानं घर चालवावं आणि खेळाचा खर्च उचलावा. खेळानं मात्र काही कमवून आणलंच पाहिजे, ही सक्ती मला मान्य नाही.

माझं माहेर-सासर दोन्ही धाराशिव जिल्ह्यातलं. भूम-वाशी-कळंबचा हा पट्टा कोरडवाहू. पाऊस दगा देतो, सोयाबीन हातचं जातं, तेव्हा दावणीची म्हैस घर तारते. आमच्याकडचा खव्याचा धंदा उभा आहे तो त्या दुधावर. कुंथलगिरीचा पेढा बाहेरच्यांना ठाऊक असतो, त्यामागच्या भट्ट्या कुणी बघितलेल्या नसतात. सकाळी गावोगावचं दूध येतं. फॅट आणि डिग्री (दुधाच्या दाटपणाचं माप) बघून कॅन उतरवून घ्यायचे की लगेच कढया चढवायच्या. म्हशीच्या साधारण साडेचार लिटर दुधाचा किलोभर खवा होतो. खरी कसोटी शेवटच्या काही मिनिटांची. दूध आटून घट्ट झालं की तळाला बसायला लागतं. तेव्हा हात जरा थांबला की खालून लागलंच, आणि तो करपट वास अख्ख्या कढईत उतरतो. असा माल मिठाईवाला परत पाठवतो. खवा कडा सोडून मधे गोळा व्हायला लागला की आच काढायची. ती वेळ घड्याळात बघून कळत नाही, त्याला डोळाच लागतो. माझ्या सासूबाईंचा डोळा अजून माझ्याहून तयार आहे. संध्याकाळी माल पुण्याकडं, हैदराबादकडं ट्रॅव्हल्सच्या गाडीत चढला की दिवस संपतो. गणपती ते दिवाळी तर तोही संपत नाही.

याशिवाय मी छोटी दाळमिल चालवली. तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवायची, मग भरडायची, असं काम. २०१५ च्या दुष्काळात शेतात तूर नव्हती आणि बाजारात डाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. कच्चा माल परवडेना, मिल थांबवली. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मिलचं शटर बंदच होतं. नंतर दोन मैत्रिणींबरोबर तंबू भाड्यानं द्यायचं काम काढलं, शाळेच्या सहली नळदुर्गला न्यायला लागलो. चांगला जम बसत होता, पण २०२० च्या लॉकडाऊननं ते गेलं. शेवया-पापडाचं युनिट अजून चालू आहे.

यावर नात्यातली माणसं म्हणतात, "हिचं एका कामावर मन टिकत नाही." मला या बोलण्याचा राग येतो, कारण ते खरं धरलं तर मराठवाड्यात कुणाचंच मन टिकत नाही. ज्याचं कृषी सेवा केंद्र आहे त्याची प्लॉटिंग आहे, एक पिकअप भाड्यानं फिरतो, घरी चार म्हशी आहेत, शिवाय सोसायटीच्या निवडणुकीत फॉर्म भरलेला असतो. त्याला सगळे कर्तबगार म्हणतात. आमच्या रानात सोयाबीनमध्ये तुरीची ओळ असते, एक गेलं तर दुसरं हाताशी राहावं म्हणून, आणि आमच्या माणसांनी संसारही तसेच पेरलेत. मग एखादी बाई भट्टी सांभाळून पहाटे मैदानावर गेली, वर्षातून चार वेळा डोंगरात गेली, तर तेवढंच का खटकतं? कारण उघड आहे. पिकअप पैसे आणतो, मैदान आणत नाही. आणि बाईनं पैसे न आणणाऱ्या गोष्टीवर वेळ घालवणं आपल्याला अजून सहन होत नाही.

खो-खोबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हा आमच्या जिल्ह्याचा खेळ आहे. आठ जणी एकाआड एक तोंड फिरवून बसलेल्या, नववी पाठलागाला धावणारी. समोर बचावाला तिघींची तुकडी. धावणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा मधेच बदलता येत नाही, हे बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. बचाव करणारी मात्र पाटीच्या, म्हणजे बसलेल्यांच्या ओळीच्या, दोन्ही बाजूंना मोकळी. म्हणजे नियम बचाव करणारीच्या बाजूचे आहेत आणि आक्रमण करणारीला सगळं खो देण्याच्या वेळेवर काढायचं असतं. समोरचीची कंबर कुठल्या बाजूला झुकली तेवढं बघून पाठीवर थाप द्यायची. खो मिळालेली मुलगी उठते तेव्हा तिचं पहिलं पाऊल अजून मातीत रुतलेलं असतं आणि धड निम्मं हवेत गेलेलं असतं. खांबाजवळ तर डाव्या हातानं खांब धरून सगळं अंग आडवं फेकायचं आणि उजव्या हाताच्या बोटांनी गडी टिपायचा. कोपर सोलतं, गुडघा सोलतो. मैदानावर पाणी मारलेलं असेल तर मातीचा वास नाकात बसतो. हे सगळं मला आजही हवंहवंसं वाटतं. त्याला "व्यक्तिमत्त्व विकास" म्हटलं की त्यातला जीव जातो.

आमच्या जिल्ह्यातल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तब्बल २२ वर्षांनी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा कर्णधार होती मूळची बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. त्याच बीडमधल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण सेकंदाच्या विसाव्या भागानं हुकलं, त्याची वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. १९९८ पासून त्या शर्यतीची सगळी पदकं केनियाचे धावपटू नेत होते, तिथं हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला मुलगा मधे घुसला. तो स्टीपलचेसकडं वळला फौजेत गेल्यावर. त्याआधी त्याच्यासाठी इथं काय होतं, हे आपण स्वतःला विचारायला हवं.

आता पालकांकडं येते. दहावीचं वर्ष लागलं की मैदानावरून मुली गळायला लागतात. लातूरला क्लास लावायचा असतो, नीटची तयारी असते. ते मी समजू शकते, शिक्षणानंच आमच्या पिढीला बाहेर काढलं. काही घरांत तर क्लासही नसतो, सरळ स्थळं बघायला सुरुवात होते. त्यावर मला समजून घ्यायचं काही नाही, ते थांबलंच पाहिजे. राहता राहिले खेळू देणारे पालक. ते विचारतात, "ताई, सर्टिफिकेट कुठल्या लेव्हलचं मिळेल? पाच टक्क्यांत बसेल का?" सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण ही मोठी गोष्ट आहे, त्यातून कितीतरी गरीब घरं उभी राहिली, पोलीस भरतीत आमच्या मुली लागल्या. पण त्यानंतर काय होतं ते बघा. नोकरी लागली, खेळ सुटला. नोकरी नाही लागली, तरी खेळ सुटला. पंचविशीनंतर खेळणारी बाई आमच्या तालुक्यात शोधावी लागते. खेळ म्हणजे एस.टी.च्या पासासारखा, मुक्कामाला पोहोचेपर्यंतच उपयोगाचा, असं आपण करून ठेवलंय.

मी ३५ वर्षांवरच्यांच्या मास्टर्स स्पर्धेत ८०० मीटर धावते. तिथं साठीतल्या, सत्तरीतल्या बाया नऊवारीचा काष्टा सोडून ट्रॅक पँट घालून येतात आणि धावून झाल्यावर आपली वेळ विचारायला टेबलाभोवती गर्दी करतात. त्यांना कुठली नोकरी मिळणार आहे? मागच्यापेक्षा दोन सेकंद कमी आले का, एवढंच त्यांना बघायचं असतं. तसं टेबल आपल्या प्रत्येक तालुक्यात वर्षातून एकदा तरी मांडलं जावं.

डोंगराचं वेड उशिरा लागलं. कन्नड तालुक्यातला अंतूर किल्ला मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, सह्याद्रीकडं धावणाऱ्या आपल्या लोकांना हे कुणी सांगितलंच नाही. गौताळ्याचं रान, एका अंगाला कातळ कापून केलेला खंदक, एकापाठोपाठ एक दरवाजे. वेताळवाडी, सुतोंडा, लोंझा, सगळी अजिंठ्याची रांग अशीच आहे. परभणी-संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टचं शिखर जवळ असताना खराब हवेमुळं मागं फिरल्या आणि २०१८ मध्ये माथ्यावर पोहोचल्या. मला त्यांचं ते मागं फिरणं फार मोठं वाटतं. घरचा, गावचा, देणगीदारांचा पैसा लागलेला असताना वर बघून खाली उतरायचं, याला काय लागत असेल! माझी मजल कळसूबाईपर्यंतची, आणि तीही मला पुरते.

व्यापारी मंडळींना हात जोडून सांगायचंय. तुम्ही मनानं मोठे आहात, पोरी जिंकून आल्या की चौकात बॅनर लावता, जेवण देता, ट्रॉफी देता. आता थोडं मैदानाकडं बघा. आमच्या तालुक्याच्या मैदानावर सभा होते, लग्न होतं, प्रदर्शन होतं. मांडव निघाला की बल्ल्यांचे खड्डे तसेच राहतात. सरावाआधी मुली ओळीनं वाकून खिळे वेचतात, मूठभर तरी निघतातच. ज्या मैदानात अनवाणी सूर मारायचा त्या मैदानात खिळे! मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, बूट घालून. मातीवर वाढलेली पोरगी तिथं पहिल्या डावात पाय कुठं घसरतो, कुठं अडकतो हेच शोधत बसते. तुमच्या व्यापारी संघटनेनं मिळून एक मॅट घ्यावी, मैदानाला रोलर द्यावा, दोन दिवे द्यावेत आणि मुलींसाठी दार लागणारं, पाणी असणारं एक स्वच्छतागृह बांधावं. स्वच्छतागृह नाही म्हणून खेळ सोडलेल्या मुली मला माहीत आहेत. या सगळ्यावर तुमच्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, मी स्वतः रंग आणून देते.

आणि शक्य असेल तर स्वतः या. शटर उघडायच्या आधीचा एक तास. नवरा-बायको दोघं या. तुमच्या लेकीला "खेळ" म्हणून सांगण्यापेक्षा तिनं तुम्हाला धापा टाकताना बघितलं तर ती जास्त दिवस मैदानावर राहील, असं मला पक्कं वाटतं.

पावसाळ्यात येडशीच्या रामलिंगला आम्ही बायका जातो. धबधबा सुरू असतो, अभयारण्यातून चालायचं, देवळात दर्शन, घरून बांधून नेलेली भाकरी-ठेचा, अंधाराच्या आत परत. ज्यांनी आजवर डोंगर चढलेला नाही त्यांच्यासाठी ही वाट अगदी बरी आहे. चप्पल नको, मागं पट्टा असलेले बूट हवेत, आणि साडी चालेल पण पंजाबी ड्रेस सोयीचा पडेल. शाळकरी मुलींचा खर्च भट्टीकडून. यायचं असेल त्यांनी खाली गावाचं नाव लिहा, म्हणजे गाडी कुठून कुठून फिरवायची ते ठरवता येईल.