खोड कोणाची म्हणायची?

सांगली जिल्ह्यातल्या क्षारपड, म्हणजे क्षार साचून नापीक झालेल्या जमिनींचा विषय निघाला की ‘आपल्या शेतकऱ्याला जादा पाणी द्यायची खोडच आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. वाळव्याकडच्या नातेवाइकांशी बोलताना मी ते नेदरलँड्समध्ये बसून ऐकतो, आणि ‘खोड’ या शब्दापाशी अडखळतो.

मराठीत वळण कोणीतरी लावावे लागते, सवय लागते तशी प्रयत्नाने सुटतेही, आणि अंगवळणी पडलेली गोष्ट कधी पडली हे करणाऱ्यालाही कळत नाही. खोड मात्र स्वभावातच धरलेली असते. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे म्हटल्यावर कारण शोधण्याचे कामच उरत नाही. खरे तर ऊसकऱ्याला यातले मर्म ठाऊक असते, कारण तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांनाही पाणी मिळाल्याशिवाय खोडवा, म्हणजे त्यांतून फुटणारे पुढचे पीक, उभा राहत नाही.

मग या खोडीला पाणी कोण घालते? शेतीपंपाची वीज ठरावीक तासांपुरती आणि अनेकदा रात्रीच्या पाळीला येते, म्हणून मोटार आपोआप सुरू होईल अशी सोय करून शेतकरी झोपतो आणि वीज जाईपर्यंत सरीतून पाणी वाहत राहते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत झाल्याने, शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे खरे असले तरी, मोटार लवकर बंद करण्याचे एक कारणही गेले. काळ्या भारी जमिनीत निचरा मुळातच मंद, त्यात ओढे-नाले बुजलेले. भूजल वर चढते, त्याची वाफ होते आणि क्षार मातीतच राहतात. ठिबक दाराशी असताना, रान पाणी साचून चिबडलेले दिसत असताना जो पाटानेच पाणी सोडतो, त्याच्या वागण्याला खुशाल खोड म्हणावे. बाकीच्यांना तो शब्द लावणे मला अन्यायाचे वाटते.

नेदरलँड्समधल्या शेतकऱ्याची शिस्त उपजत आहे असे गावाकडे समजतात, तेही मला पटत नाही. या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे आणि शेताकडेचे चर मोकळे ठेवणे हे चराला लागून जमीन असणाऱ्याचे कर्तव्य मानले जाते. पाण्याचा कारभार पाहणाऱ्या, निवडून आलेल्या जलमंडळांची माणसे हे चर तपासतात आणि काम झाले नसेल तर ते करायला भाग पाडतात. शतकानुशतकांच्या या तपासणीने चर उपसणे लोकांच्या अंगवळणी पडले आहे.

सांगली जिल्ह्यातल्याच कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर काम झाले आहे. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करण्याचा उपाय जिल्ह्याला नवा नाही. परंतु एकट्याने नळी घालून भागत नाही, खालच्या शेजाऱ्याचा चरही वाहता असावा लागतो. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसाठी २००५ चा कायदा आपल्याकडे आहे. त्या संस्थांकडे पाणीवाटपाइतकीच निचऱ्याचीही जबाबदारी आणि दंडाचा अधिकार द्यावा, आणि विजेची पाळी दिवसाची करावी.